सणाचे हप्ते पुढच्या सणापर्यंत फिटेनात, काय करू?

ताई, मी तुमच्यापेक्षा लहान आहे, मला अगंतुगंच करा. आम्ही वाळूजला बजाजनगरात राहतो. हे कंपनीत ऑपरेटर आहेत पण कॉन्ट्रॅक्टवर, हातात २४,००० येतात, मी घरी ब्लाऊज, फॉल-पिको करते त्याचे चार-पाच हजार सुटतात. मोठी लेक सहावीत, धाकटा दुसरीत. सासर जिंतूर तालुक्यात, तिथं सासू-सासरे, दीर-जाऊ, पाच एकर कोरडवाहू.

मागच्या दिवाळीला गावाकडं गेलो तर सगळ्यांचे कपडे-आहेर २०,०००, दोन नणंदांची भाऊबीज ७,०००, फराळ-किराणा ६,५००, फटाके २,५००, गाडी करून जाणं-येणं ३,००० असे ३९,००० गेले. त्यातले ९,००० बोनसचे, बाकी ३०,००० ह्यांनी कंपनीतल्या एकाकडून तीन टक्क्यानं घेतले. माणूस चांगला आहे, तगादा लावत नाही, आम्ही महिन्याला ९०० देतो, मुद्दल तसंच आहे. त्याच्यात जीएसटी कमी झाला म्हणून टीव्ही घेतला, ३,००० चे नऊ हप्ते, तो या महिन्यात फिटला. जरा श्वास घ्यावा म्हणलं तर जूनमध्ये धोंड्याचा महिना. दोन्ही जावयांना चांदीची निरांजनं आणि पोशाख मोठ्या मुलाकडून पाहिजे म्हणून क्रेडिट कार्डावर १८,००० झाले, पहिलं बिल आलं त्याचं मिनिमम भरलं. गावाकडं कुणाला यातलं काही माहीत नाही.

आता पंचमी, राखी, महालक्ष्म्या, दसरा, दिवाळी लायनीत उभे आहेत. सासूबाईंचा फोन आला की अवंदा महालक्ष्म्यांना चांगल्या साड्या आणा. शेजारच्या बायका २,००० ची भिशी सुरू करायल्यात, पहिली उचल तुला देतो म्हणल्या, घेऊ का? ह्यांना काही म्हणलं की सणासुदीला रडू नको म्हणतात. सणाचं नाव काढलं की माझ्या पोटात गोळा येतो.

(एक वाचक, बजाजनगर)

अगं बाई, आधी एक सांगते, तू आकडे लिहून पाठवलेस हे लई बरं केलंस, नाहीतर दिवाळीच्या आधी-मागं येणाऱ्या पत्रांत नुसतं 'खर्च फार झाला हो ताई' एवढंच असतं आणि मग मी पण हवेतच बोलत बसते. तुझ्या पत्रावर पेन घेऊन बसता येतं, तर बसूच.

पहिल्यांदा तो 'चांगला माणूस'. तो तगादा कशाला लावेल गं? महिन्याच्या महिन्याला ९०० रुपये घरपोच येतायत, ३०,००० जागचे हलत नाहीत, त्याच्यासाठी तर तुम्ही बँकेच्या एफडीपेक्षा भारी आहात. आपल्याकडं 'तीन टक्के' म्हणलं की ते शेकडा तीन रुपये महिन्याला असतात, ऐकायला किरकोळ वाटतं, पण वर्षाचे छत्तीस टक्के होतात. ऑक्टोबरपासून आत्तापर्यंत नऊ महिने धर, ८,१०० रुपये व्याज गेलं आणि कर्ज आहे तिथंच. या दिवाळीपर्यंत दहा हजाराच्या वर जाईल. म्हणजे मागच्या वर्षी फराळ-किराणा आणि फटाके मिळून जेवढे गेले ना, त्याच्याहून जास्त नुसतं व्याजात, आणि ते कुणाच्या तोंडात पण गेलं नाही. लायसन नसताना असं व्याजानं पैसे फिरवणं २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानं गुन्हा आहे, उद्या दमदाटी झाली किंवा घर-जमीन लिहून द्या असं कुणी म्हणलं तर सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडं आणि पोलिसात तक्रार करता येते, हे माहीत असू दे. पण आज भांडायचं काही कारण नाही, त्याचे पैसे देऊन मोकळं व्हायचं.

कार्डाचं त्याच्याहून वाईट आहे, आणि ते अजून नवीन आहे म्हणून तुला जाणवलेलं नाही. बहुतेक कार्डांवर बिल पूर्ण भरलं नाही तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं आणि त्या व्याजावर परत १८ टक्के जीएसटी. १८,००० वर साधारण ६३० व्याज आणि ११३ जीएसटी, झाले ७४३. मिनिमम म्हणून तू ९०० च्या आसपास भरलेस असं धर, तर त्यातले जेमतेम दीडशे रुपये मुद्दलात गेले. असं मिनिमम भरत बसलीस तर ती निरांजनं पुढचा धोंड्याचा महिना आला तरी फिटायची नाहीत. शिवाय एक गोष्ट कार्ड देताना कुणी नीट सांगत नाही, मागचं बिल थकलेलं असलं की नवीन घेतलेल्या वस्तूवरची बिनव्याजी मुदत पण जाते, म्हणजे आता त्या कार्डावर साधा किराणा भरलास तरी त्याला त्याच दिवसापासून व्याज. म्हणून कार्ड आजपासून बंद, म्हणजे कापून फेकू नको, पण ह्यांच्या पाकिटातून काढ आणि फोनवरच्या ॲपमध्ये सेव्ह केलेलं असेल तर तिथून पण डिलीट कर, कारण आजकाल कार्ड हातात नसलं तरी खरेदी होते.

आता ही दोन्ही देणी मिळून ४८,०००. तुझ्याकडं सोनं किती ते तू लिहिलं नाहीस, आणि पोत काढून दे असं मी म्हणणार पण नाही, सासरी ते दिसतं आणि मग वेगळंच रामायण सुरू होतं. पण सहा-सात ग्रॅमचे झुबे किंवा अंगठी असं कपाटात पडलेलं काही असेल तर आज सोन्याचा भाव बघता तेवढ्यावर राष्ट्रीयीकृत बँकेत एवढं कर्ज मिळू शकतं. व्याज वर्षाला साधारण नऊ-दहा टक्के, म्हणजे महिन्याला ३६०-४०० रुपये. आत्ता तू व्याजापोटी महिन्याला साडेसोळाशेच्या आसपास घालवायलीस. त्या पैशातून दोघांचं एकदम फेडून टाक आणि एकच देणं ठेव. दागिना ठेवताना वजन आणि कॅरेट पावतीवर लिहून घे, आणि 'वर्षानं एकदम भरा' वालं नको, महिन्याच्या हप्त्याचं घे, नाहीतर वर्ष कधी गेलं ते कळत नाही आणि दागिना लिलावाला निघतो. कोपऱ्यावरच्या, पाच मिनिटात पैसे म्हणणाऱ्या दुकानात जाण्याआधी बँकेत विचार, दोन चकरा जास्त होतील, होऊ दे. सोनं नसेलच तर बचत गटाचं बघ, गटाचं कर्ज तीन टक्क्यापेक्षा खालच्या दरानं मिळत असेल तर तेवढ्यापुरतं घे. मोबाईलवरच्या झटपट लोन ॲपचं मात्र नाव पण काढू नको, कॉन्टॅक्ट लिस्ट उचलतात आणि सोयऱ्याधायऱ्यांना घाण मेसेज पाठवतात. कुणाचं असं झालंच असेल तर सायबरचा नंबर १९३० आहे.

महिन्याचं गणित असं बसतं. टीव्हीचा हप्ता संपला, ते ३,००० मोकळे झाले. व्याजाचे ९०० आणि कार्डाचे ९०० पण सुटले. म्हणजे ४,८०० रुपये असे आहेत जे तुम्ही आतापर्यंत देतच होतात आणि घर चालतच होतं. त्यातले ३,३०० सोन्याच्या कर्जाला लाव, पंधरा-सोळा महिन्यांत म्हणजे पुढच्या वर्षीच्या दिवाळीच्या आगेमागे दागिना घरी येतो. राहिलेले १,५०० सणाचे. टीव्ही फिटला म्हणून हे लगेच दुसरं काहीतरी हप्त्यावर घ्यायचं म्हणतील, माणसाचा स्वभावच आहे तो, हप्ता संपला की हात मोकळा वाटतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात ऑनलाइन सेल लागतील, 'नो कॉस्ट ईएमआय' लिहिलेलं असेल, त्यात प्रोसेसिंग फी असते, व्याजावरचा जीएसटी असतो आणि रोख घेणाऱ्याला मिळणारा डिस्काउंट तुम्हाला मिळत नाही. मागच्या वर्षी २२ सप्टेंबरला जीएसटी कमी झाला तेव्हा ३२ इंचावरच्या टीव्हीवर २८ चा १८ टक्के झाला हे खरंच होतं, स्वस्त झालं होतं. पण स्वस्त झालेली वस्तू सुद्धा पैसे देऊनच आणावी लागते ना.

आता सणाकडं येऊ. तू दिवाळीचा हिशोब दिवाळीचा म्हणून केलास आणि धोंड्याचा धोंड्याचा म्हणून, तिथंच सगळं घसरतं. पंचमीपासून भाऊबीजेपर्यंत, आणि आपल्याकडं तर पुढं येळवसपर्यंत म्हणजे वेळ अमावस्येपर्यंत, हा सगळा एकच खर्च आहे, पैसे एकाच खिशातून जाणार आहेत. म्हणून सगळ्या सीझनचा मिळून एकच आकडा ठरवायचा आणि तो आत्ता, आखाडातच ठरवायचा. यंदा एक बरं आहे, मागच्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, यंदा अधिक महिन्यामुळं ८ नोव्हेंबरला आलंय, म्हणजे ज्या धोंड्याच्या महिन्यानं १८,००० चा खड्डा पाडला त्यानंच अठरा दिवस वाढवून पण दिलेत, सात तारखेला पगार होत असेल तर दिवाळीच्या आधी चार पगार हातात पडतात. चार गुणिले १,५०० म्हणजे ६,०००, बोनस मागच्या एवढाच आला तर ९,०००, आणि सीझनच्या ब्लाऊजांचे वरचे ५,००० धरू. झाले २०,०००. हा तुझा यंदाचा आकडा. मागच्या दिवाळीला ३९,००० होता, त्याच्या निम्मा, आणि यात पंचमीसुद्धा आली.

निम्म्यात कसं व्हायचं म्हणशील. मी असं लावलं असतं: पंचमी आणि राखी मिळून दीड हजार. महालक्ष्म्यांना तुमचा वाटा ३,०००. लेकरांचे कपडे ३,०००, सासू-सासऱ्यांचे अडीच हजार. नणंदांना भाऊबीज एक-एक हजार. फराळाला ४,०००, जाण्यायेण्याला २,०००, फटाके पाचशे. दीड हजार उरतात ते तसेच राहू दे, सणात कुणीतरी आजारी पडतंच. गाडी करून जाऊ नका, लालपरीनं जा, बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तुझी दोन्ही लेकरं बाराच्या आतली म्हणजे त्यांचं पण अर्धंच, पूर्ण तिकीट एकट्या ह्यांचं लागतं. जालना-मंठामार्गे गर्दी असते हे खरंय, रिझर्वेशन आधी कर. तुमच्या दोघांचे कपडे मी धरलेच नाहीत, ते मुद्दाम. ह्यांना धोंड्याला तुझ्या माहेराहून पोशाख आलाच असेल ना, तो दिवाळीला घालू दे, नवाच आहे.

आणि माहेरावरून आठवलं, तुझ्या आईवडलांनी पण धोंड्याला ह्यांना चांदीचं काहीतरी दिलंच असेल की, ते कपाटात फडक्यात गुंडाळून ठेवलेलं असेल. इकडून नणंदेकडं एक निरांजन गेलं, तिकडून तुझ्याकडं एक आलं, चांदी या घरातून त्या घरात फिरली, आणि मध्ये कार्डवाल्या बँकेचं भलं झालं. मी धोंड्याच्या विरोधात नाही बरं का, तेहतीस अनारसे, पुरणाचे धोंडे, जावयाचा मान, त्यात गोडी आहे. पण चांदी कुठं गेलीय भावानं, आणि देवाला तांब्याचा दिवा पण चालतो. पुढचा अधिक महिना यायला आता अडीच वर्षांच्या वर आहेत, तोपर्यंत त्याचं वेगळं बघता येईल.

साड्यांवर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण तुझे २०,००० तिथं गेलेत. गुलमंडीत नाहीतर जिंतूरच्या बाजारात साडीच्या दुकानात गेलीस की गादीवर बसल्या बसल्या दुकानदार पहिला प्रश्न काय विचारतो? 'नेसायची दाखवू का देण्याघेण्याची?' आणि देण्याघेण्याची म्हणलं की वरच्या फळीवरून तो वेगळाच गठ्ठा काढतो, प्लॅस्टिकच्या पिशवीतल्या, एकावर एक, तीनशेची, साडेतीनशेची, काठ चमकणारा आणि कापड असं की एकदा धुतलं की झालं. घेणारीला माहीत असतं ही कुणी नेसणार नाही, विकणाऱ्याला माहीत असतं, जिला देतो तिला तर पिशवी बघूनच कळतं. ती घरी नेऊन कपाटाच्या खालच्या खणात ठेवते आणि पुढच्या लग्नात दुसरीला देते, पिशवी सुद्धा बदलत नाही, आतली किमतीची चिठ्ठी तेवढी काढायची आठवण ठेवायची. मी असं ऐकलंय की एकीनं दिलेली साडी फिरत फिरत पाच वर्षांनी तिलाच ओटीत परत आली, घडीवरच्या पिवळ्या डागावरून ओळखली तिनं. तुझ्या कपाटाचा खालचा खण उघडून बघ, मला पैजेवर माहीत आहे तिथं अशा सात-आठ तरी आहेत. यंदा द्यायला लागल्याच तर त्यातल्या दे, विकत एक पण आणू नको. आणि टॉवेल-टोपीचं पण तेच, दरवेळी नवीन आणायचं काही अडलेलं नाही.

नणंदांना मात्र असलं देऊ नको. भावाच्या घरून आलेलं हे बाईला लागतं, माहेरच्या साडीची किंमत नसते, पण ती मनापासून आणलीय का उरकलीय ते लगेच कळतं. म्हणून ताटात हजार रुपये रोख ठेवा दोघींच्या, साडी नको, त्यांना हवं ते त्या घेतील. आणि तू शिवतेस ना, मग दोघींची मापं घेऊन एक-एक ब्लाऊज छान शिवून दे, अस्तर लावून, लटकन-बिटकन लावून. बजाजनगरात अशा ब्लाऊजची शिलाई काय चालते ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

आता सगळ्यात अवघड काम, आणि ते पैशाचं नाही. गावाकडं सांगणं.

तू लिहिलंस की गावाकडं कुणाला यातलं काही माहीत नाही. बघ, त्यांना काय दिसतं? थोरला वाळूजला कंपनीत आहे, गाडी करून येतो, सगळ्यांना कपडे आणतो, नवीन टीव्हीचा फोटो व्हॉट्सॲपला टाकतो. मग आई म्हणणारच की चांगल्या साड्या आणा, जावयाला चांदी द्या. ती लोभी नाही, तिला वाटतं लेकाचं बरं चाललंय आणि ते वाटायला तुम्हीच लावलंय. वर धाकट्या दिराला पण तुमच्या बरोबरीनं करावं लागतं, त्याच्या पाच एकरात मागच्या सप्टेंबरच्या पावसानं काय ठेवलं होतं ते तूच आठव, मराठवाड्यात कुणाचं सोयाबीन धड राहिलं होतं. काय सांगावं, त्यानं पण कुठून तरी काढलेच असतील. दोन भाऊ एकमेकांपासून लपवून एकमेकांच्या बरोबरीचा खर्च करतात आणि दोघांच्या बायका रात्री जाग्या, असं किती घरात चाललंय.

सांगायचं कुणी, तर ह्यांनी. तू अजिबात नाही. तू सांगितलंस की 'सुनेनं बंद केलं' होतं, गणपतीपासून संक्रांतीपर्यंत तेच चालतं, आणि आकडा बाजूलाच राहतो. लेकानं सांगितलं की आईला काळजी वाटते, राग येत नाही, निदान टिकत नाही. आणि फोनवर नको, पंचमीला नाहीतर पोळ्याला हे एक दिवस जाऊन येतील तेव्हा, दोघी-तिघी शेजारणी बसलेल्या नसताना, आई-वडील आणि दीर एवढेच. बोलायचं पण गोल गोल नाही. 'आई, मागच्या दिवाळीचे तीस हजार व्याजानं काढले होते, धोंड्याचे अठरा कार्डावर आहेत, ते फेडायला पुढची दिवाळी उजाडंल. अवंदा महालक्ष्म्यांना आमच्याकडून तीन हजार, दिवाळीला फराळाला चार हजार, तुमचे दोघांचे कपडे आणि ताईंची ओवाळणी. त्याच्यावर माझ्याकडं नाही.' एवढंच. कारणं देत बसलं की समोरचा प्रत्येक कारणाला तोडगा काढतो, 'अरे मग त्याच्याकडून घे की' वगैरे. आकडा सांगायचा आणि चहा प्यायचा.

हे तयार होणार नाहीत लवकर, मला माहिताय. 'सणासुदीला रडू नको' म्हणणारा माणूस मनातून जास्त घाबरलेला असतो, त्याला घरात मोठं असणं सोडवत नाही. त्याच्याशी रात्री लेकरं झोपल्यावर पैशाचा विषय काढू नको, दिवसभर मशीनवर उभा राहून आलेला असतो, चिडतो आणि विषय तिथंच संपतो. सुटीच्या दिवशी सकाळी एका कागदावर मी वर जे लिहिलंय ते उतरवून समोर ठेव, ८,१०० व्याज गेलं हा आकडा सगळ्यात वर लिही. 'तुम्ही उधळता' असं म्हणू नको, 'हा माणूस आपल्याकडून वर्षाला १०,८०० घेतोय' असं म्हण. भांडण मग तुमच्या दोघांत होत नाही.

महालक्ष्म्यांचं जरा वेगळं बोलते, कारण तिथं भीतीचा भाग असतो. सासूबाई साडीचा आग्रह धरतात तो दिखाव्यासाठीच असतो असं नाही, वर्षातनं अडीच-तीन दिवस घरात त्या येतात, काही कमी पडलं तर, ही धास्ती असते. पण महालक्ष्म्यांचं खरं काय असतं बाई? सोळा भाज्या, पुरण, आंबील, कोशिंबिरी, धान्याच्या राशी, फुलोरा, आणि रात्री उशिरापर्यंत जागून केलेली आरास. यातलं बरंचसं शेतातलं आणि हाताचं आहे. मागच्या वर्षीच्या साड्या नीट घडी घालून ठेवलेल्या असतीलच, त्याच परत नेसवता येतात, कितीतरी जुन्या घरांत ठरलेल्या पैठण्या पिढ्यान् पिढ्या नेसवतात आणि त्याचा उलट मान असतो. तू शिवणारी आहेस, त्याच साड्यांना नवीन काठ लाव, ब्लाऊज नवे शिव, सासूबाईंना दाखव, 'आत्याबाई, ह्या बघा कशा उठून दिसायल्या'. पाचशे रुपयात होतं, आणि तुमच्या वाट्याचे तीन हजार मग स्वयंपाकाला कामी येतात.

भिशीचं उत्तर सरळ आहे, घेऊ नको. पहिली उचल म्हणजे कर्जच की गं, फक्त शेजारणींकडून घेतलेलं. बारा जणी धरल्या तर २४,००० एकदम हातात आले की तू सुद्धा माणूस आहेस, ते दिवाळीतच जाणार, आणि मग वर्षभर महिन्याला २,००० जे तुझ्या हिशोबात कुठंच नाहीत. एखादा हप्ता चुकला तर बँक नोटीस पाठवते, शेजारीण जिन्यात बोलते. तुला वाचवायचेच आहेत तर ते १,५०० बँकेत आरडीत टाक. यंदाचे चार महिने साध्या वेगळ्या खात्यात ठेवले तरी चालतील, पण दिवाळी झाली की पुढच्या वर्षीसाठी बारा महिन्यांची आरडी लाव, पगाराच्या दुसऱ्या दिवशी कटणारी. बँकेतच लाव. संभाजीनगर-बीडकडं चार पैसे जास्त व्याज देतो म्हणणाऱ्या पतसंस्था-मल्टिस्टेटमध्ये लोकांच्या लेकीच्या लग्नाच्या ठेवी अडकल्या ते तू बघितलंयस. बँकेत व्याजासह पाच लाखापर्यंतच्या ठेवीला विमा असतो, पतसंस्थेत तो नसतो.

दीर सोयाबीन विकून दिवाळीला हातभार लावणार असतील तर त्यांना पण एक सांग, सणासाठी म्हणून ओलं सोयाबीन घाईनं मोंढ्यात नेऊ नका. दिवाळीच्या तोंडावर आवक तुफान असते, भाव पडलेला असतो, आणि हमीभाव केंद्रावर १२ टक्क्यांच्या वर ओलावा असला की घेत नाहीत. मागच्या हंगामात हमीभाव ५,३२८ होता आणि मोंढ्यात कितीला गेलं ते त्यांनाच विचार. पीककर्जातून सण करायचा विचार असेल तर तो पण नको, मुदतीच्या आत फेडलं नाही तर व्याजाची सवलत जाते.

लेकरांची काळजी करू नको, त्यांना आपल्याला वाटतं तेवढं लागत नाही. लेकीला सहावीत सगळं कळतं, तिला सांग तुझ्या कपड्याला दीड हजार आहेत, तूच निवड, बघ कशी भाव करते. धाकट्याला फटाक्याचे पाचशे हातात दे.

राहिलं तुझं शिवणकाम, त्यावर माझी जास्त भिस्त आहे. तुझ्या हातात वर्षातले सगळ्यात जास्त पैसे याच तीन महिन्यांत येऊ शकतात आणि उधारीत पण याच तीन महिन्यांत जातात, कारण बायका 'दिवाळी झाली की देते' म्हणून ब्लाऊज घेऊन जातात आणि दिवाळी झाली की त्यांच्याकडं पण नसतात. म्हणून महालक्ष्म्यांच्या आणि दिवाळीच्या कामाला आताच दारावर कागद लावून टाक: कापड देतानाच निम्मी शिलाई, बाकी ब्लाऊज नेताना, दिवाळीचं काम २५ ऑक्टोबरपर्यंतच घेणार, त्याच्यानंतर अर्जंटचे शंभर जास्त. तोंडानं सांगायला तुला जड जाईल, कागदाला जात नाही. मैत्रिणींना पण तोच नियम. आणि तो वरचा ५,००० चा आकडा शिलाईचा धरलाय, अस्तर-लटकनचे पैसे वेगळे घे, ते त्यात मिसळू नको. काम जास्त आलं आणि पाचाचे सात-आठ हजार सुटले तर वरचे सोन्याच्या कर्जात भर, आणि सासूबाईंना सांगू नको.